बसवर खरंच काय चाललंय? लॉजिक ॲनालायझर नव्याने वापरणाऱ्यांसाठी

सेन्सर जोडलाय, लायब्ररी टाकलीय, उदाहरणाचा कोडही जसाच्या तसा आहे, आणि तरी स्क्रीनवर शून्याशिवाय काही येत नाही. अशा वेळी बहुतेक जण कोडमध्ये आणखी चार प्रिंट ओळी घालतात. पण प्रोग्रॅमने काय पाठवायला सांगितलं, एवढंच प्रिंट ओळ सांगू शकते. ते तारेवर गेलं का, समोरच्या चिपने उत्तर दिलं का, हे तिला कळायला मार्ग नाही. त्यासाठी तारच, म्हणजे चिपा ज्यावरून एकमेकींशी बोलतात ती बस, तपासावी लागते, आणि ते काम लॉजिक ॲनालायझरचं.

हे शिकताना मला लागलेली माहिती डेटाशीट, ॲप्लिकेशन नोट आणि सॉफ्टवेअरच्या मेनूंमध्ये विखुरलेली होती. इथे ती ज्या क्रमाने कामाला येते त्या क्रमाने मांडली आहे: आधी व्होल्टेज, मग वेळ, आणि सगळ्यात शेवटी अर्थ. नवखा माणूस नेमका उलटा जातो. क्लिपा लावल्या की लगेच डीकोडर, म्हणजे लाटांचे बाइट करून दाखवणारा सॉफ्टवेअरचा भाग, सुरू करतो, लाल एरर दिसतात आणि चिप खराब आहे असं ठरवून मोकळा होतो.

क्रमाचं कारण या उपकरणाच्या कामाच्या पद्धतीत आहे. ठरावीक अंतराने ते तारेवरचं व्होल्टेज एका उंबरठ्याशी ताडून बघतं आणि एक किंवा शून्य अशी नोंद करतं. बाकी सगळं, म्हणजे चौकोनी लाटा, बाइट, पत्ते, हे त्या नोंदीवरून सॉफ्टवेअरने काढलेलं असतं. उंबरठा चुकला किंवा दोन नोंदींमधलं अंतर जास्त पडलं, तर अगदी स्वच्छ दिसणारं चित्रही खोटं निघतं.

## १. कोणत्या कामाला कोणतं साधन

मल्टिमीटर सगळ्यात आधी. सप्लाय आहे का, ग्राउंड जोडलंय का, बस शांत असताना तारेवर किती व्होल्ट आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

ऑसिलोस्कोप सिग्नलचा खरा आकार दाखवतो: कड किती वेळात चढली, ती किती उसळली, मध्येच कुठे अडकली का. पण त्याला चॅनेल दोन किंवा चार, आणि लांबलचक संभाषण साठवायला मेमरी अपुरी पडते. लॉजिक ॲनालायझरकडे चॅनेल आठ, सोळा किंवा जास्त असतात आणि तो कित्येक सेकंदांचं संभाषण सलग टिपू शकतो. सिग्नलचा आकार मात्र त्याला दिसत नाही. दोन्ही साधनं एकमेकांना पूरक आहेत आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

सुरुवातीला बहुतेकांच्या हातात येतो तो छोटा, आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा यूएसबी ॲनालायझर. त्याच्या पोटात सायप्रेसची एफएक्स२ जातीची चिप असते. तिच्याजवळ स्वतःची मोठी मेमरी नाही. टिपलेला प्रत्येक नमुना ती लगेच यूएसबीवरून कॉम्प्युटरकडे ढकलते. या एका गोष्टीमुळे पुढे काही अडचणी येतात, त्या पाचव्या पायरीत पाहू. आयटूसी, यूएआरटी आणि संथ एसपीआय या चिपांमधल्या संभाषणाच्या नेहमीच्या पद्धतींसाठी हे उपकरण पुरेसं आहे, आणि शिकायला याहून मोठं काही लागत नाही. उंबरठा बदलण्याची सोय, जास्त वेग किंवा उपकरणातच मेमरी हवी असेल तेव्हा डीएसलॉजिक किंवा सेलीसारख्या उपकरणांकडे वळा.

काही बससाठी खास साधनं असतात. गाड्यांमधले कंट्रोलर ज्यावरून बोलतात त्या कॅन बससाठी यूएसबी-कॅन ॲडॅप्टर हाताशी असावा. यूएसबीच तपासायचं असेल तर लिनक्सवरचं यूएसबीमॉन आणि वायरशार्क यांनी सुरुवात करता येते. मात्र त्यांना ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचलेलंच दिसतं. तारेवरचे नॅक पॅकेट (‘आत्ता नाही’ असं उत्तर) किंवा खराब झालेली पॅकेट बघायची तर हार्डवेअर यूएसबी ॲनालायझरच लागतो.

## २. हाताशी काय असावं

- लॉजिक ॲनालायझर आणि चांगली, आखूड यूएसबी केबल
- बारीक टोकाच्या हुक क्लिपा. नुसत्या जम्पर वायर पिनवर टेकवून धरल्या तर त्या हलतात आणि मधलेच बिट हरवतात
- मल्टिमीटर
- बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अशा दोन्ही चिपच्या डेटाशीट
- बोर्डाचा सर्किट डायग्राम, मिळत असेल तर
- ओळखीचा सिग्नल तयार करू शकेल असा एखादा मायक्रोकंट्रोलर बोर्ड

सॉफ्टवेअर म्हणून सिगरॉक प्रकल्पाचं पल्सव्ह्यू घ्या. ते मुक्त आहे, लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालतं आणि त्यात शंभराहून जास्त प्रोटोकॉलचे डीकोडर आहेत. सेलीचं सॉफ्टवेअर दिसायला देखणं असलं तरी ते त्यांच्या स्वतःच्या उपकरणांसाठी आहे.

विंडोजवर उपकरण ओळखलं जात नसेल तर झाडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने त्याला विनयूएसबी ड्रायव्हर लावावा लागतो. इथे सावध राहा. झाडिगच्या यादीत तुमचा कीबोर्ड आणि माऊसही दिसू शकतात, आणि चुकून त्यांची निवड झाली तर त्यांचाच ड्रायव्हर बदलला जातो. ॲनालायझर काढून आणि पुन्हा लावून यादीत कोणती नोंद येते-जाते ते बघा, मगच बटण दाबा. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही. परवानगीसाठी सिगरॉकचे यूडेव्ह नियम बसवा. त्यासाठी पल्सव्ह्यू रूट म्हणून चालवायची गरज नाही.

## ३. क्लिप लावण्याआधी व्होल्टेज मोजा

ही पायरी गाळू नका. इथली चूक उपकरण जाळते, आणि एका बाबतीत ती जिवावर बेतू शकते.

ॲनालायझरचं ग्राउंड यूएसबी केबलमधून कॉम्प्युटरच्या ग्राउंडला आणि डेस्कटॉप असेल तर तिथून घरच्या अर्थिंगला जोडलेलं असतं. काही यंत्रांचे कंट्रोल बोर्ड, एलईडी ड्रायव्हर, डिमर यांचं ग्राउंड मात्र मेन्सपासून (घरच्या विजेपासून) वेगळं केलेलं नसतं. ते प्रत्यक्षात फेज किंवा न्यूट्रलवर बसलेलं असतं. अशा बोर्डाला क्लिप लावली की मेन्स थेट कॉम्प्युटरमध्ये शिरतो. सप्लायमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे याची खात्री नसेल तर त्या बोर्डाला हात लावू नका. यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण त्यातही एक मेख आहे: साधे आयसोलेटर १२ मेगाबिट प्रतिसेकंद एवढ्याच वेगाचे असतात. ते मध्ये घातले की २४ मेगाहर्ट्झचा ॲनालायझर आपल्या पूर्ण वेगाने डेटा पाठवूच शकत नाही. आयसोलेटर घेताना ४८० मेगाबिटचा आहे ना, हे पाहून घ्या. आणि मेन्सवर बसलेला बोर्ड आयसोलेटर लावूनही नवख्याने उघडायची वस्तू नाही.

आता सिग्नलचं व्होल्टेज. एफएक्स२ चिप ३.३ व्होल्टची आहे आणि तिची इनपुट ५ व्होल्ट सहन करतात. त्याच्या वर काहीही थेट जोडू नका. आरएस-२३२ हा इथला नेहमीचा सापळा. नावाने तो सिरियलच, पण तारेवर उणे १५ पासून अधिक १५ व्होल्टपर्यंत काहीही असू शकतं. तिथे मध्ये मॅक्स३२३२ सारखी कन्व्हर्टर चिप असते. क्लिप तिच्या मायक्रोकंट्रोलरकडच्या बाजूला लावा.

उलट बाजूचा त्रास कमी व्होल्टेजचा. एफएक्स२ला एक म्हणून नक्की ओळखायला किमान २ व्होल्ट लागतात आणि शून्यासाठी ०.८ व्होल्टपेक्षा कमी. १.८ व्होल्टवर चालणाऱ्या चिपचा हाय या दोन्हींच्या मध्ये पडतो. कधी तो एक वाचला जाईल, कधी शून्य, आणि खोलीचं तापमान बदललं की निकालही बदलेल. अशा बससाठी लेव्हल शिफ्टर (व्होल्टेजची पातळी बदलणारी चिप) घाला किंवा उंबरठा बदलता येणारा ॲनालायझर वापरा.

आणखी एक. बोर्डाचा सप्लाय बंद असताना त्याच्या पिनांना चालू सिग्नल जोडलेला असेल, तर चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून वीज झिरपून ती चिप अर्धवट चालू राहते. बोर्ड बंद करूनही एलईडी मंद पेटलेला दिसला तर हेच कारण समजा.

## ४. ग्राउंड आणि तारांची लांबी

ग्राउंडची क्लिप सगळ्यात आधी लावा आणि सगळ्यात शेवटी काढा. ती सिग्नलच्या जवळच्या ग्राउंड पिनला लावा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नको. ॲनालायझरवर ग्राउंडच्या दोन पिना असतील तर दोन्ही वापरा. तारा दहा-पंधरा सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका आणि क्लॉकची तार इतर तारांबरोबर पिळून नेऊ नका, नाहीतर क्लॉकच्या प्रत्येक कडेची सावली शेजारच्या चॅनेलवर उमटते.

क्लिप लावली की बस बंद पडते, किंवा उलट क्लिप लावली तरच चालते, असं दिसलं तर ॲनालायझरवर चिडू नका. त्याने तुम्हाला मोलाची गोष्ट सांगितली आहे: ही बस आधीच काठावर चालली होती आणि क्लिपेच्या काही पिकोफॅरड धारकतेने (कपॅसिटन्सने) तिला इकडे किंवा तिकडे ढकललं.

आयटूसीमध्ये हे आकड्यांत बघता येतं. तिथे चिप तार फक्त खाली ओढते. वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं. ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढायला लागणारा वेळ म्हणजे साधारण ०.८५ गुणिले रेझिस्टर गुणिले तारेची एकूण धारकता. ४.७ किलोओहम आणि १०० पिकोफॅरड धरले तर जवळपास ४०० नॅनोसेकंद येतात. १०० किलोहर्ट्झच्या बसला १००० नॅनोसेकंदांची मुभा आहे, तिथे हे सहज चालतं. ४०० किलोहर्ट्झला मर्यादा ३०० नॅनोसेकंदांची, म्हणजे तेच सर्किट तिथे नियमाबाहेर गेलं. २.२ किलोओहमचा रेझिस्टर घातला की वेळ १९० च्या आत येतो.

## ५. सॅम्पलिंग रेट ठरवा

बसच्या क्लॉकच्या किमान चौपट वेगाने नमुने घ्या. वेळ अचूक मोजायची असेल तर दहापट. २४ मेगाहर्ट्झला दोन नमुन्यांत सुमारे ४२ नॅनोसेकंदांचं अंतर असतं. ८ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर एका क्लॉकमागे जेमतेम तीन नमुने मिळतात. त्यावर डीकोडरचा भरवसा धरू नका. शक्य असेल तर चाचणीपुरता एसपीआयचा वेग कोडमधून १ मेगाहर्ट्झवर आणा. मला हा उपाय सगळ्यात आवडतो, कारण तर्काची चूक संथ वेगातही तशीच दिसते, आणि संथ वेगात अडचण नाहीशी झाली तर ती तारांची होती हेही कळतं.

रेट कमी पडला तर चित्र विस्कटलेलं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. १० मेगाहर्ट्झचा क्लॉक ८ मेगाहर्ट्झने टिपला तर स्क्रीनवर २ मेगाहर्ट्झचा व्यवस्थित क्लॉक दिसतो. संशय आला की रेट बदलून पुन्हा टिपा. सिग्नलची वारंवारता रेटबरोबर बदलली तर दिसतंय ते खरं नाही.

उगाच जास्त रेटही ठेवू नका. आठ चॅनेल २४ मेगाहर्ट्झने टिपायचे म्हणजे सेकंदाला २.४ कोटी बाइट यूएसबीवरून सलग जायला हवेत. त्याच हबवर वेबकॅम किंवा हार्ड डिस्क असेल तर नोंद मध्येच थांबते. ॲनालायझर कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये थेट लावा. तरीही थांबत असेल तर १२ किंवा ८ मेगाहर्ट्झवर या. ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) यूएआरटीला १ मेगाहर्ट्झसुद्धा भरपूर होतो.

## ६. आधी ओळखीचा सिग्नल टिपा

अनोळखी बसला हात लावण्याआधी आपली जोडणी आणि सेटिंग बरोबर आहेत हे सिद्ध करा. सोपी युक्ती अशी: मायक्रोकंट्रोलरवरून ९६०० बॉडने इंग्रजी कॅपिटल यू हे अक्षर सतत पाठवा. त्याचा कोड हेक्स ५५, म्हणजे एक आणि शून्य आलटून पालटून. पुढे शून्याचा स्टार्ट बिट आणि मागे एकचा स्टॉप बिट जोडला की तारेवर सलग चौकोनी लाट उमटते. प्रत्येक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा आणि लाट ४८०० हर्ट्झची दिसली पाहिजे. अक्षरांमध्ये खंड पडत असेल तर तिथे तार हाय राहील, बाकी मापं तीच. हे आकडे जुळले की पुढच्या कामात ॲनालायझरवर शंका घ्यायची गरज उरत नाही.

## ७. ट्रिगर लावा

ट्रिगर, म्हणजे नोंद कोणत्या क्षणी पकडायची ती खूण, नसेल तर दहा सेकंदांच्या रिकाम्या नोंदीत दोन मिलिसेकंदांचं संभाषण शोधत बसावं लागतं. आयटूसीसाठी डेटा तारेच्या फॉलिंग एजवर (हायवरून लो होणाऱ्या कडेवर), एसपीआयसाठी चिप सिलेक्टच्या (चिपला निवडणाऱ्या तारेच्या) फॉलिंग एजवर, यूएआरटीसाठी स्टार्ट बिटच्या फॉलिंग एजवर ट्रिगर ठेवा. ट्रिगरच्या आधीचाही थोडा भाग साठवायला सांगा. बोर्ड सुरू होतानाची गडबड बऱ्याचदा त्याच भागात सापडते.

## ८. आता डीकोडर

आयटूसी. ही बस १९८२ साली फिलिप्सने आणली आणि आज सेन्सर, डिस्प्ले, घड्याळाच्या चिपा, सगळीकडे तीच आहे. नवख्यांचा सर्वाधिक वेळ खातो तो पत्त्याचा घोळ. पत्ता सात बिटांचा असतो आणि आठवा बिट लिहायचं की वाचायचं ते सांगतो. काही डेटाशीट सातच बिट सांगतात, काही आठही बिट जोडून. डीएस१३०७ या घड्याळाच्या चिपचा सात बिटांचा पत्ता हेक्स ६८. आठ बिटांत तोच लिहिताना डी० आणि वाचताना डी१ होतो. कोडमध्ये लायब्ररीला सात बिट हवे असताना डी० दिलंत तर कोणीच उत्तर देणार नाही.

उत्तर आहे की नाही ते नवव्या बिटावर बघा. चिपने तार खाली ओढली तर ॲक, वरच राहिली तर नॅक. पत्त्यानंतरच नॅक आला तर पत्ता, सप्लाय आणि तारांची अदलाबदल या क्रमाने तपासा. वाचताना शेवटच्या बाइटवर येणारा नॅक मात्र चूक नाही. आता पुरे, असं मास्टर, म्हणजे बस चालवणारी बाजू, समोरच्या चिपला त्यानेच सांगतो. डीकोडर तो वेगळ्या रंगात दाखवतो म्हणून अनेक जण विनाकारण त्याच्या मागे लागतात.

डेटा तार कायमची लो अडकली असेल तर वाचन चालू असताना मास्टर रीसेट झाला आणि चिप अजून तिचा बाइट संपवायची वाट बघत आहे, अशी शक्यता धरा. क्लॉक तारेवर नऊपर्यंत पल्स दिले की ती तार सोडते. सप्लाय बंद-चालू करण्यापेक्षा हा उपाय कोडमध्येच घालून ठेवलेला बरा.

एसपीआय. चार मोड असतात आणि चुकीचा मोड निवडला तर डीकोडर चक्क वेगळेच बाइट दाखवतो. चिप सिलेक्ट लो होण्याच्या क्षणी क्लॉक हाय आहे की लो, हे आधी डोळ्यांनी बघा, त्यावरून दोन मोड बाद होतात. मग डेटा कोणत्या कडेवर स्थिर आहे ते बघा. चिप सिलेक्टचं चॅनेल वाचवू नका. ते नसेल तर बाइट कुठून सुरू झाला हे डीकोडरला कळत नाही, आणि एक बिट सरकला की पुढचं सगळंच सरकतं. बऱ्याच चिपांमध्ये कमांड जात असतानाच्या पहिल्या बाइटला परतीच्या तारेवर निरर्थक काहीतरी येतं. खरं उत्तर दुसऱ्या बाइटपासून वाचा.

यूएआरटी. बॉड रेट माहीत नसेल तर सगळ्यात अरुंद पल्स मोजा. ८.७ मायक्रोसेकंद आला तर ११५२००, १०४ आला तर ९६००. शांत असताना तार हाय असली पाहिजे. लो असेल तर सिग्नल उलटा आहे आणि डीकोडरमध्ये तसं सांगावं लागतं.

कॅन. बॉशने विकसित केलेल्या या बसमध्ये एकच बिट दोन तारांवरच्या फरकाने जातो. शांत असताना दोन्ही तारा २.५ व्होल्टच्या आसपास, आणि डॉमिनंट (शून्याच्या) बिटाला एक ३.५ कडे तर दुसरी १.५ कडे जाते. साध्या ॲनालायझरची क्लिप या तारांवर न लावता ट्रान्सीव्हर चिपच्या (कॅनच्या तारा आणि मायक्रोकंट्रोलर यांना जोडणाऱ्या चिपच्या) आरएक्सडी पिनवर लावा, ती पिन ३.३ किंवा ५ व्होल्टची आहे हे बघून. त्याआधी सप्लाय बंद करून दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर असतील तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे. ४० आले तर तुमच्या ॲडॅप्टरवरचा तिसरा लागलेला आहे, त्याचा जम्पर काढा.

ॲडॅप्टर चालत्या बसवर जोडताना लिसन-ओन्ली मोडमध्येच ठेवा. साध्या मोडमध्ये तो प्रत्येक फ्रेमला (संदेशाला) ॲक देतो, आणि बिटरेट चुकलेला असेल तर एरर फ्रेम टाकून इतरांचं बोलणंही मोडतो. टेबलावर एकच नोड (बसवरचं एक उपकरण) घेऊन बसला असाल तर मात्र उलटं करा. ॲक द्यायला दुसरं कोणीच नसल्यामुळे तो नोड तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत राहील, तिथे ॲडॅप्टर साध्या मोडमध्ये हवा. वाहनाच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये कॅनच्या तारा ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर असतात. तिथे फक्त ऐका. चालत्या गाडीच्या बसवर प्रयोग म्हणून काहीही पाठवू नका. ब्रेक आणि स्टिअरिंगचे कंट्रोलरही तिथे ऐकत असू शकतात.

## ९. सगळं बरोबर दिसतंय, तरी चालत नाही

आता ऑसिलोस्कोप घ्या. तीन गोष्टी ॲनालायझरला दिसत नाहीत. पहिली, संथ चढणारी कड: उंबरठ्याजवळ ती रेंगाळते आणि थोड्याशा नॉइजमुळे चिप एका क्लॉकऐवजी दोन मोजते. दुसरी, दोन चिपा एकाच तारेला विरुद्ध दिशांनी ओढत असणं: तेव्हा व्होल्टेज मधल्या कुठल्यातरी पातळीवर अडकतं आणि ॲनालायझर मात्र सरळ एक किंवा शून्य लिहून मोकळा होतो. तिसरी, सप्लायमधली क्षणिक घसरण, जी डेटा तारांवर उमटेलच असं नाही.

ऑसिलोस्कोपचा प्रोब १० एक्सवर ठेवा, १ एक्सवर त्याची धारकता बरीच वाढते. स्कोपची स्वतःची चढण साधारण ०.३५ भागिले बँडविड्थ एवढी असते, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला ३.५ नॅनोसेकंद. त्याहून वेगवान कड तो तुम्हाला संथ करून दाखवेल.

## १०. नोंदी साठवा

बस नीट चालत असताना एक नोंद साठवून ठेवा, आणि फाइलच्या नावात बसचा वेग, सॅम्पलिंग रेट आणि तारीख लिहा. नंतर काही बिघडलं की त्याच सेटिंगवर नवी नोंद घ्या आणि दोन्ही शेजारी उघडा. फरक बहुतेकदा पहिल्या काही बाइटांतच सापडतो. कोणाची मदत मागायची असेल तर स्क्रीनशॉट पाठवू नका, पल्सव्ह्यूची मूळ फाइल पाठवा. सोबत कोणतं चॅनेल कोणत्या पिनवर आहे, सप्लाय किती व्होल्टचा आहे आणि पुल-अप किती ओहमचे आहेत हे लिहा. समोरच्याला डीकोडर बदलून बघता येतो, वेळा मोजता येतात, आणि तुमच्या नजरेतून सुटलेली कड तो शोधू शकतो.